पडण्याआधी बघणारा एक

बाळा,

सोमवारपासून तू वृद्धाश्रमात रुजू होणार, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं तेव्हा पोह्यांचा घास हातातच राहिला माझ्या. फिजिओथेरपीची पदवी मिळाली की बहुतेक मुली खेळाडूंच्या गुडघ्यांमागे जातात, तू म्हाताऱ्यांच्या पावलांमागे निघालीस. फार बरं वाटलं. म्हणून रात्रीचं आवरून ही वही काढली आहे. इथे इंदूरच्या इस्पितळांत माझी उमर गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षं वृद्धाश्रमात. या कामातल्या चुका मी एकेक करून केल्या आहेत, त्या तुला पुन्हा करायची गरज नाही.

तोल मोजायच्या चाचण्या तुला माझ्याहून चांगल्या पाठ असतील. मी सांगतेय ते चाचणीच्या आधीचं आणि नंतरचं. पण एक गोष्ट सगळ्यांत आधी मनात बसव. वृद्धाश्रमात ‘कोण पडेल?’ हा प्रश्न विचारायचाच नसतो. २०२२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून पडण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. वृद्धाश्रमात राहणाऱ्या प्रत्येकालाच जास्त धोक्यातला माना, असं त्यांत सांगितलं आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनं तर २०१३ सालीच इस्पितळांना बजावलं होतं की गुण मांडून कोण पडणार याची भाकितं करू नका. आपल्याला कुणाची पत्रिका मांडायची नाही. या काकू कशानं पडतील आणि ते नाना कशानं पडतील, एवढं शोधायचं. दोघांची कारणं वेगळी निघतील, आणि त्या वेगळेपणातच सगळं काम आहे.

आता सावकाश वाच.

१. पहिले दोन दिवस स्टॉपवॉच पर्समधून काढूच नकोस, नाश्त्याच्या वेळी जेवणघराच्या दाराशी नुसती उभी राहा — पोह्यांच्या वासावर माणूस जसा चालत येतो, तसा तो तुझ्यासमोर परीक्षेला कधीच चालणार नाही.

२. कोण भिंतीला बोटं लावत येतं, कोण खुर्च्यांच्या पाठी धरत येतं, ते लिहून ठेव — आधार कुठे लागतो हे त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

३. ‘पडलात का?’ असं विचारू नकोस. ‘कुठे घसरलात? अडखळलात? पाय मुडपला? मटकन खाली बसलात?’ असं एकेक विचार — आपली माणसं पडल्याचं कबूल करत नाहीत. ‘गिरे नहीं बेटा, बस फिसल गए थे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी कोपर आणि कंबर तपासते.

४. तेच रात्रपाळीच्या आयाबाईला विचार, आणि बरोबर बसून चहा घेताना विचार — बाबूजींनी लपवलेलं तिला ठाऊक असतं, पण ‘तू तेव्हा कुठे होतीस?’ या ओरड्याच्या भीतीनं ती गप्प बसते. तू कधीही तसं ओरडू नकोस.

५. दाखल करायला आलेल्या मुलाचं ‘आई अगदी ठणठणीत आहे’ हे ऐकून घे, पण तेवढंच लिहू नकोस — आश्रम नाही म्हणेल या धास्तीनं तो बोलत असतो, खोटं बोलावं म्हणून नाही. दोन दिवसांनी त्याला फोन कर, तेव्हा खरं सांगतो.

६. नव्या माणसाकडे पहिले काही आठवडे जास्त लक्ष दे, त्याच्या खोलीपासून संडासापर्यंत त्याच्याबरोबर दिवसा एकदा आणि रात्री एकदा चालून ये — घरी चाळीस वर्षं संडास डाव्या हाताला होता. अंधारात पाय जुन्या घराच्याच वाटेनं जातात.

आता चाचण्या.

‘उठा, चालून या, बसा’ ही चाचणी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवत असतील. १९८६ साली मथायस, नायक आणि आयझॅक्स या तिघांनी ती मांडली, तेव्हा तिच्यात घड्याळ नव्हतंच. माणूस उठतो कसा, वळतो कसा, डगमगतो का, हे डोळ्यांनी बघायचं आणि १ ते ५ मधला एक गुण द्यायचा. घड्याळ आलं १९९१ मध्ये, पोडसियाडलो आणि रिचर्डसन या दोघींनी आणलं. आधी डोळा, मग घड्याळ असा तो क्रम. तो मला फार मोलाचा वाटतो, आणि आता तो उलटा झालेला बघून जीव तुटतो. नवी मुलं घड्याळाच्या काट्याकडे बघत असतात आणि तिकडे आजी वळताना भेलकांडते.

७. खुर्ची हातांची, पाय पक्के असलेली, साधारण ४६ सेंटिमीटर उंच बैठकीची घे. प्लॅस्टिकची नको — हातांवर जोर देऊन उठताना ती मागे सरकते नाहीतर एका अंगाला कलते, मग तोल मोजायचा राहतो आणि माणूस उचलायची वेळ येते.

८. तीन मीटर टेपनं मोजून फरशीवर रंगीत पट्टी चिकटवून टाक, ‘इथपासून त्या दारापर्यंत’ नको — पुढच्या महिन्यात आजी सुधारल्या की दार जवळ आलं, हे कळायला हवं ना?

९. रोजची चप्पल, रोजचा चष्मा, रोजची काठी, आणि एकदा सराव. ‘नेहमीसारखं चला’ एवढंच म्हण — ‘चला बरं पटापट’ म्हटलंस तर तुला खूश करायला धावतील. नातीसारखी पोर समोर उभी राहिली की म्हातारी माणसं शहाण्या मुलासारखी वागू लागतात.

१०. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर धोका, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं माप आहे. पण आश्रमातले बहुतेक जण ते ओलांडून गेलेलेच असतील — म्हणून काकूंना काकूंच्याच गेल्या महिन्याशी ताडून बघ. १८ चे २४ झाले तर काहीतरी बिघडलंय, मग ते शोधेपर्यंत स्वस्थ बसू नकोस.

११. वळण नीट बघ, आणि बसणं त्याहून नीट बघ. खुर्ची पोटऱ्यांना लागायच्या आधीच अंग टाकतात का? — मी पाहिलेल्या पडापडीत सरळ वाटेवरची थोडी होती. बरीच वळताना, बसताना आणि मागे सरकतानाची.

१२. तू उभी राहायचं त्यांच्या कमकुवत बाजूला, अर्धं पाऊल मागे, हात तयार पण अंगाला न लावता — दंड धरून चालवलंस तर तू स्वतःचाच तोल मोजशील.

१३. छातीवर हातांची घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोज. हाताचा आधार घ्यावा लागला तर नियमानं गुण शून्य, पण तो वहीत लिही, तोंडानं उच्चारू नकोस — जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंना शून्य ऐकवलं मी एकदा. त्या पुढचा महिनाभर खोलीतून व्यायामाला आल्या नाहीत.

१४. पाय जुळवून उभं राहणं, मग अर्धं पाऊल पुढे, मग टाचेला बोटं लावून, मग एका पायावर. भिंत हाताशी ठेव आणि चौथ्या पायरीची हौस धरू नकोस — तिसरीवर दहा सेकंद टिकले नाहीत, तर तुला हवं ते कळलं. लहानपणी लंगडी घालत तू अख्खं अंगण ओलांडायचीस, म्हणून तुला एका पायाचं काही वाटत नाही.

१५. उभ्यानं हात पुढे ताणायला सांग. पाय न हलवता हात १५ सेंटिमीटरसुद्धा पुढे जात नसेल, तर त्याच दुपारी त्यांचं कपाट लाव — वरच्या फळीवरची पोथी, औषधाचा डबा, शाल, सगळं छातीच्या उंचीवर आण. मोजमाप संध्याकाळपर्यंत खोलीत उतरलं नाही तर कागदावरच राहतं.

१६. चालता चालता सहज काहीतरी विचार आणि पाय थांबतात का बघ — स्वीडनमध्ये काही संशोधकांनी १९९७ साली हेच करून पाहिलं. वृद्धांच्या निवासात राहणारी ५८ माणसं होती, बोलताना चाल थांबली ती १२ जणांची, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० पडले. खर्च शून्य, साधन म्हणजे दोन गोड शब्द. पण पाय थांबले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नकोस, न थांबणाऱ्यांतलेही काही पडतातच.

कॅथरिन बर्ग यांची १९८९ सालची मोजपट्टी तुझ्या बॅगेत असेलच. चौदा कामं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६, आणि ४५ च्या खाली आलं की सावध व्हायचं. त्या कामांची नावं वाचताना फार शास्त्रीय वाटतात. पण एक दिवस सकाळी सातला आश्रमाच्या देवघराशी उभी राहा. जागच्या जागी पूर्ण वळणं म्हणजे स्वतःभोवतीची प्रदक्षिणा. डोळे मिटून उभं राहणं तर आरती संपल्यावर सगळेच करतात. जमिनीवरची वस्तू उचलणं? हातातून निसटलेलं जास्वंदीचं फूल आहेच. हात पुढे नेणं म्हणजे समईची वात सारणं, आणि मागे वळून बघणं म्हणजे ‘कोण आलं गं?’ बर्गबाईंची निम्मी परीक्षा आपली म्हातारी माणसं रोज देवापुढे देतात, कुणी न सांगता, अगदी मनापासून. तिथे जे दिसेल त्यावर माझा कागदावरच्या गुणांइतकाच विश्वास आहे.

१७. प्रदक्षिणा थांबवू नकोस, कठड्याला धरून हळू घालायला शिकव — देवापुढचं वळणं बंद केलंस तर माणसं मनानं मोडतात, आणि तुला न सांगता पहाटे घालतातच.

१८. गच्चीवर सूर्याला अर्घ्य देणाऱ्यांना खुर्चीवर बसून द्यायला सांग, खाली घमेलं ठेव — मान वर, दोन्ही हात वर, डोळ्यांत ऊन आणि पायाखाली पाणी, असे चारही शत्रू एका जागी क्वचितच भेटतात.

१९. बाहेरचं कुणी भेटायला आलं की आधी आजी-आजोबांना बसव, मग नमस्कार करू दे — आशीर्वादासाठी ते काठीवरचा हात उचलतात आणि पाया पडणाऱ्याला जागा द्यायला एक पाऊल मागे घेतात. वाढदिवसाला फळं वाटायला आलेल्या एका भल्या कुटुंबासमोर मी हे होताना पाहिलं, आणि त्या घरातल्या लहान मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐक.

आश्रमात एक नाना होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ चालणारे. सकाळी अकराला मी त्यांचा तोल मोजला तर ५६ पैकी ५० आले. मी त्यांच्या कागदावर ‘उत्तम’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्याच रात्री तीनच्या सुमाराला ते बाथरूमच्या उंबऱ्यात पडले. खुबा मोडला, आणि पुन्हा ते स्वतःच्या पायांवर चालले नाहीत.

मी नंतर बसून त्या रात्रीचा हिशेब मांडला. चष्मा उशाशी राहिला होता. झोपेची गोळी दहाला घेतलेली. डिसेंबरातली इंदूरची थंडी, म्हणून पायांत लोकरी मोजे, आणि खाली गुळगुळीत कोटा फरशी. रजई पायांत गुंतलेली. लघवीची घाई. दिव्याचं बटण दारापलीकडे. हातात पाण्याचा तांब्या, म्हणजे धरायला हात मोकळा नाही. सकाळी अकराला, उजेडात, चष्मा लावून, पोटभर नाश्ता झालेल्या नानांना मी तपासलं होतं. जे नाना पडले ते रात्री तीनचे नाना, त्यांची माझी भेटच झाली नव्हती.

म्हणून मी म्हणते, दिवसाचा पैलवान रात्रीचा पाहुणा. त्याला त्याच्या वेळेला भेटायला हवं.

२०. महिन्यातून एक रात्र आश्रमात थांब, आणि पहाटे तीन ते पाच जागी राहा — त्या दोन तासांत जे दिसतं ते दिवसाच्या फाइलीत कधी येत नाही.

२१. पलंगावरून हात लांबवला की पोचेल असा दिवा, आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद उजेड. चष्मा आणि चप्पल रोज एकाच जागी — चाचपडत शोधायला लागलं की माणूस शोधणं सोडतो, आणि तसाच निघतो.

२२. उठताना तीन थांबे शिकव: कुशीवर वळून बसा, पाय खाली सोडून थोडं थांबा, उभं राहून काहीतरी धरा, मग पाऊल — माझी जुनी म्हण आहे, ‘घाईनं उठला, खाटेला भेटला’. आयाबायांनाही ती पाठ करायला लाव.

२३. पलंगाची उंची त्या त्या माणसाला बसते का बघ, बसल्यावर पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत — लोंबकळते पाय उडी मारून उतरतात.

२४. रात्री उठावं लागतं म्हणून कुणी पाणीच सोडलं असेल तर त्यांना दिवसा भरपूर प्यायला लाव आणि संध्याकाळनंतर कमी कर. अचानक घाई किंवा जळजळ वाढली तर लघवी तपासून घे — आपल्या नौतप्याच्या कडक उन्हाळ्यात तर न प्यायलेलं पाणी थेट रक्तदाब उतरवतं.

२५. बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीला कधी आधार समजू नकोस, स्वतः जोर देऊन हलवून बघ — टॉवेल पेलणारी दांडी माणूस पेलत नाही, पण पडणारा हात तिलाच जाऊन धरतो.

२६. पांढरी फरशी, पांढरं कमोड, पांढरी भिंत असेल तर कमोडच्या कडेला आणि उंबऱ्याला गडद रंगाची पट्टी लाव — मोतीबिंदूच्या डोळ्याला पांढऱ्यात पांढरं दिसत नाही, मग अंदाजानं बसतात.

२७. अंघोळ उंच, रुंद पायांच्या स्टुलावर बसून, बादलीही दुसऱ्या स्टुलावर, आणि परकर-पायजमा बसूनच घालायचा — खालच्या पाटावरून उठणं आणि एका पायावर उभं राहून कपडा चढवणं, या दोन्ही कसरती ओल्या फरशीवर होतात.

२८. ट्रस्टींकडे धरायचे दांडे मागायला जाशील तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांग, जगात वर्षाला सुमारे ६,८४,००० माणसं पडून जिवाला मुकतात. मग आपल्या आश्रमात गेल्या वर्षी कोण कुठे पडलं त्याची यादी पुढे ठेव — पहिला आकडा ऐकून ते मान हलवतात, दुसरी यादी वाचून सुताराला फोन करतात.

रक्तदाब आणि गोळ्या हा डॉक्टरांचा प्रांत, पण बघणारे डोळे तुझे.

२९. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब मोज, उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोज. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव — बसून घेतलेला एकच रक्तदाब हा प्रकार दाखवतच नाही. ‘बसून मोजलं ते अर्धं, उभं मोजलं ते पुरं’, हे माझं.

३०. झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, साखरेच्या आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची एक यादी कर, आणि कुठली नवी लागली किंवा वाढली तर पुढचे पंधरा दिवस त्या माणसावर नजर ठेव. स्वतःहून एकही बंद करू नकोस — यादी बघून काय कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण यादीच नसली तर ते तरी काय करणार?

३१. उशीखाली हात घाल, हळूच विचारून — सर्दीची, खोकल्याची, गॅसची, कुणा शेजाऱ्यानं दिलेली गुंगीची गोळी तिथे सापडते, फाइलीत नाही.

३२. एकादशी आणि चतुर्थीची तारीख तुझ्या वहीत आधीच लिही. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांचा उपवास असेल तर आदल्या दिवशीच नर्सबाईंना आणि डॉक्टरांना सांग — उपास कडक, गोळी रोजची, मग दुपारी चारला घाम, थरथर आणि पडणं.

३३. मोजे, चप्पल उतरवून पावलं बघ: वाढलेली नखं, कुरूप, भेगा, आणि मधुमेह असेल तर बधिरपणा — ज्या पायाला जमीन कळत नाही, त्याला तोल कुठून कळणार? नखं कापायला त्यांना लाज वाटते, तू किंवा आयाबाईनं हसत कापावी.

३४. दान आलेल्या एकाच मापाच्या चपला वाटू देऊ नकोस. देणाऱ्याला हात जोडून प्रत्येकाचं माप पाठव: टाच बांधणारी, तळवा न घसरणारा — सैल चप्पल पायात राहावी म्हणून बोटं आवळून, पाय ओढत चालतात.

३५. काठी मनगटाच्या उंचीची, हात सरळ खाली सोडून, चप्पल घालून मापलेली. धरायची दुखऱ्या पायाच्या उलट हातात आणि खालचं रबर महिन्याला तपासायचं — ‘उंच काठी खांद्याला, बुटकी काठी कंबरेला, झिजली काठी इस्पितळाला’.

३६. दुभिंगी चष्मा लावून जिना उतरणाऱ्यांना थांबव आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार — खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. हिवाळ्यात गच्चीवर ऊन खाऊन खाली येताना तर दोन मिनिटं दारात थांबवच, लख्ख उन्हातून अंधाऱ्या जिन्यात डोळे लगेच जुळत नाहीत.

३७. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, ती रंगांची मिरवणूक, टीव्हीवर लावून दे, गुलाल कोरडा, आणि पाण्याची बादली अंगणाबाहेर — उत्सव हवाच, ओली पायरी नको.

विसरभोळेपण असलेल्यांची चाचणी पुस्तकाप्रमाणे होत नाही. ‘जा’ म्हटलं की कुठे जायचं हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. तिथे चिडू नकोस, स्वतःला नापासही करू नकोस. पलीकडच्या खुर्चीवर त्यांची आवडती वस्तू ठेव, स्वतः आधी चालून दाखव, आणि त्या वाटेवर जे दिसेल तेच लिही. संध्याकाळी साडेपाच-सहाला ‘घरी जायचंय’ म्हणून ज्या उठतात, त्यांच्यासाठी त्याच वेळी एक माणूस बाजूला चालायला ठेव. चालून आल्या की निवतात.

३८. पडू नये म्हणून कुणालाही ओढणीनं, पट्ट्यानं, टेबल पुढे लावून खुर्चीत अडकवू देऊ नकोस, कुणीही सांगितलं तरी — त्यानं पडणं थांबत नाही. पाय निकामी होतात, सुटण्याच्या झटापटीत वाईट मार लागतो, आणि माणसाचा मान जातो. या एका गोष्टीवर भांडायची वेळ आली तर भांड, मी तुझ्यामागे आहे.

३९. ‘मला पडायची भीती वाटते’ असं म्हणणाऱ्यांना ‘काही होत नाही हो’ म्हणू नकोस, कुठे वाटते ते दाखवायला सांग — भीतीनं माणूस चालणं सोडतो, न चालल्यानं मांड्या वाळतात, आणि मग ती भीती खरी ठरते.

४०. व्यायाम रोज थोडा, पण तोलाचा आणि मांड्यांचा दोन्ही: खुर्चीमागे उभं राहून टाचा उचलणं, हात न लावता उठणं-बसणं, बाजूला पावलं टाकणं — नुसते बसल्या बसल्या हात हलवून टाळ्या वाजवल्या तर करमणूक होते, तोल सुधारत नाही. भजनाच्या आधीची दहा मिनिटं माग, तेव्हा सगळे जमलेले असतात.

आणि एवढं करूनही कुणीतरी पडेल. तेव्हा स्वतःवर तुटून पडू नकोस, पण हे मात्र त्याच क्रमानं कर.

४१. धावत येणाऱ्या सगळ्यांना थांबव, लगेच काखेत हात घालून उचलू देऊ नकोस. आधी शेजारी जमिनीवर बस आणि नावानं हाक मार — ‘अरे उठाओ भिया, उठाओ’ या मायेनंच मोडलेलं हाड सरकतं.

४२. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा डोक्याला लागलं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली, तर वाट न बघता १०८ ला फोन — डोक्याच्या आतलं रक्त तासाभरानं, कधी दिवसानंही, बोलतं. तोवर माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत असतो.

४३. त्याच दिवशी त्या जागी, त्याच वेळी जाऊन उभी राहा आणि पडण्याच्या वहीत लिही: किती वाजले होते, कुठे, काय करत होते, पायांत काय, उजेड किती, शेवटचं खाल्लं कधी, शेवटची गोळी कुठली — ‘तोल जाऊन पडले’ एवढंच लिहिलेल्या ओळीवरून पुढच्याला काही करता येत नाही.

४४. वहीत ‘कुणामुळे’ असा रकाना ठेवू नकोस — तो रकाना आला की पडणं लपवलं जातं, आणि लपवलेलं पडणं पुन्हा त्याच जागी घडतं. ‘पडल्यावर धावणारे दहा, पडण्याआधी बघणारा एक’, आणि तो एक बहुतेक वेळा आयाबाईच असते. तिला घाबरवू नकोस.

नानांच्या वेळची ती माझी वही मी जपून ठेवली आहे. ‘उत्तम’ लिहून रेघ मारलेला कागद त्यातच चिकटवलाय. तुला हवी असेल तर ने.

शनिवारी संध्याकाळी ये. रंगीत पट्टीचे दोन रोल, मोजायची टेप, एक टॉर्च आणि काठीला बसतील अशी डझनभर रबरं मी आणून ठेवली आहेत, सगळ्या जाडीची. येताना टाच बांधणारी चप्पल घालून ये, त्या सैल सपाता नकोत. आमच्या जिन्यावरचा दिवा गेलाय, नवा लावेपर्यंत कठडा धरून वर ये.

तुझी,
मावशी